वरून गाडी आली का? : सरकारी बसनं किन्नौर-स्पिती, सात दिवस

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन चार वर्षं झाली. ३१ वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काम केलं पण स्वतः बसमध्ये बसून लांब कुठं फिरायला गेले असं कधी झालंच नाही, म्हणून या सप्टेंबरमध्ये मी ठरवलं की त्यांना घेऊन हिमाचलमध्ये स्पितीला जायचं आणि बसनंच जायचं. टॅक्सीवाल्यानं फोनवर जो आकडा सांगितला तो आमच्या अख्ख्या बजेटच्या दुपटीच्या वर होता, त्यामुळं तो विषय तिथंच संपला. रेल्वेचं स्लीपरचं तिकीट सोडून दोघांत मिळून १५ हजार, यात बस, रूम, जेवण सगळं. आणि बाबांनी वर ३ हजार वेगळ्या पाकिटात घातले, त्यावर पेननं लिहिलं "अडकलो तर". मी म्हटलं बाबा कशाला, वेळापत्रक बघितलंय मी सगळं. म्हणाले, "वेळापत्रक आमच्या डेपोत पण भिंतीवर होतं बाळा. पाकीट राहू दे."

परतीचं रेल्वे तिकीट मात्र दोन दिवस मोकळे ठेवूनच काढलं होतं, हे एक काम मी बरोबर केलं होतं.

दिवस पहिला, चंदीगड ते रामपूर

पहाटे चंदीगडला उतरलो. इथं दोन मोठी बस स्टँड आहेत, १७ सेक्टरचं आणि ४३ सेक्टरचं, हिमाचलच्या गाड्या ४३ वरून सुटतात. आधी माहीत करून घेतलं होतं म्हणून बरं, नाहीतर सामान घेऊन उलटसुलट झालं असतं. प्लॅन असा होता की इथूनच थेट किन्नौरमधल्या रेकाँग पिओची गाडी धरायची, मध्ये उतरायला नको आणि रात्रीच्या रूमचे पैसे पण वाचतील. खिडकीवरच्या माणसानं मान पण वर केली नाही, "पिओ वाली नहीं जाएगी, ऊपर से गाडी नहीं आई."

मला राग आला, गाडी आली नाही म्हणजे काय, दुसरी सोडा ना. बाबा मात्र लगेच समजले. मला बाजूला घेऊन सांगितलं की अगं लांबच्या गाड्या सगळ्या मुक्कामाच्या असतात, जी गाडी आज संध्याकाळी खाली येते तीच उद्या वर जाते, तिचा ड्रायव्हर कंडक्टर पण तोच, मग ती वर कुठं अडकून पडली तर इथं उभी करायला गाडी आणायची कुठून? "गाडी किती वाजता आहे असं विचारूच नकोस. वरून गाडी आली का, ते विचार."

पुढचे सगळे दिवस आम्ही हाच एक प्रश्न विचारत फिरलो आणि खरं सांगते, ऑनलाइन जे काही वाचून गेले होते त्या सगळ्यापेक्षा या एका प्रश्नाचा जास्त उपयोग झाला.

मग थेट गाडीचा नाद सोडला आणि तुकड्यातुकड्यानं जायचं ठरवलं. आठ वाजताची शिमल्याची साधी बस, चार-साडेचार तास, शिमल्यात टुटीकंडीच्या मोठ्या स्टँडवर उतरून तिथंच दीड वाजता रामपूरची मिळाली. तुकड्यानं गेलं की एक फायदा होतो, छोट्या टप्प्याच्या गाड्या भरपूर असतात, एक गेली तर तासाभरात दुसरी येते आणि भाडं साधारण तेवढंच पडतं. तोटा म्हणजे दरवेळी सीटसाठी धावायचं. बाबांचा नियम एकच, मागच्या चाकाच्या मागं बसायचं नाही, चाकाच्या मागं बॉडीचा जो भाग लोंबतो तो खड्ड्यात सगळ्यात जास्त उडतो, पाठ गेलीच म्हणून समजा. दोन्ही चाकांच्या मधली सीट बघायची, नसेल तर उभं राहून पुढच्या गावात मिळते का बघायचं. आम्ही नारकंडापर्यंत उभे होतो, पुढं बसायला मिळालं.

नारकंडा २७०० मीटरवर आहे आणि तिथून गाडी वळणं घेत खाली सतलजपर्यंत उतरते, रामपूरला पोचेपर्यंत अंधार झाला होता. स्टँडजवळच रूम घेतली, ६००.

दिवस दुसरा, रामपूर ते रेकाँग पिओ

सहाची गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी सुटली, बाबा खूश. झाकडी गेलं, तिथं तो १५०० मेगावॉटचा नाथपा-झाकडीचा वीज प्रकल्प आहे, मग ज्यूरी, आणि ज्यूरीच्या पुढं थोड्या वेळानं गाड्यांची रांग. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, मागं वळून एवढंच म्हणाला, "मलबा आ गया."

पुढं चालत जाऊन बघितलं. दोनशे-अडीचशे मीटर रस्ता नव्हताच, म्हणजे होता पण त्याच्यावर अख्खा डोंगराचा उतार येऊन बसला होता, माती, झाडाची मुळं, टेबलाएवढे दगड, आणि पलीकडून एक पोकलेन काम करत होता. तो दगड उचलून सतलजमध्ये टाकायचा आणि वरून परत थोडी माती घसरायची, मग तो मागं व्हायचा, थांबायचा, परत पुढं यायचा. आमच्या पुढं सफरचंदाचे ट्रक उभे होते, किन्नौरला जाणारे रिकामे आणि पलीकडं भरलेले. एक ट्रकवाला सांगत होता की पलीकडं त्याच्या भावाच्या गाडीत पेट्या भरलेल्या आहेत, एक दिवस उशीर झाला की मंडीत भाव पडतो आणि पैसे बागवाल्याचेच जातात. आमचा तर फक्त एक दिवस चालला होता, त्यांचं वर्षाचं पीक अडकलं होतं.

चार तास झाले. कंडक्टर सारखा फोनवर होता, आणि साडेअकराला त्यानं गाडीत येऊन सांगितलं, "ट्रान्सशिपमेंट होगा, सामान उठाओ."

हा शब्द तिकडं सगळ्यांना पाठ आहे, म्हाताऱ्या बायकांना पण. अर्थ असा, पलीकडं पिओवरून आलेली गाडी पण अशीच अडकलेली असते, मग दोन्हीकडच्या लोकांनी मलब्यावरून चालत जायचं, त्यांनी आमच्या गाडीत बसायचं आम्ही त्यांच्या, आणि दोन्ही गाड्या तिथंच वळून आपापल्या गावी परत. बाबांना हे इतकं आवडलं की ते तिथं रस्त्यावर उभं राहून मला समजावून सांगायला लागले, "बघ, रस्ता बंद, पण दोन्ही शेड्यूल पूर्ण झाली, दोन्ही गाड्या मुक्कामाला आपल्याच डेपोत."

पण चालताना मजा नव्हती. दोन्ही टोकांना होमगार्डचे जवान उभे होते, त्यातला एक खाली बघतच नव्हता, मान वर करून फक्त उताराकडं बघायचा आणि तोंडात शिट्टी. सांगितलं होतं शिट्टी वाजली की ज्या टोकाला जवळ असाल तिकडं पळायचं, सामान टाकून द्यायचं. दहा-दहा जणांना सोडत होते. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे आणि मातीत पाय घोट्यापर्यंत जात होता, मी त्यांचा हात धरला होता आणि माझ्या पाठीवर एक, पोटावर एक अशा दोन सॅक. हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी घातलेला एक मुलगा, विशीतला असेल, समोरून आमच्या बाजूला येत होता, त्यानं माझ्या पोटावरची सॅक काही न बोलता काढून घेतली, मागं वळून पलीकडच्या टोकाला ठेवली आणि परत आपल्या वाटेनं गेला, म्हणजे त्यानं ते अंतर आमच्यासाठी तीनदा कापलं. त्याचं नाव पण विचारायचं राहिलं. शिट्टी वाजली नाही. पलीकडच्या कंडक्टरनं जुनी तिकिटं बघून बसवून घेतलं, परत पैसे मागितले नाहीत. म्हणून सांगते, तिकडं तिकीट उतरेपर्यंत टाकू नका, खिशात जपून ठेवा.

पुढं तरंडाला कड्याच्या पोटात रस्ता कोरलेला आहे, देवीच्या मंदिरापाशी गाडी थांबली, ड्रायव्हरनं हात जोडले. निगुलसरी आलं तेव्हा शेजारच्या बाईंनी बोटानं दाखवलं, इथं. ऑगस्ट २०२१ मध्ये इथं दरड चालत्या गाड्यांवर आली होती, त्यात बस पण होती, २८ माणसं गेली. मगाशी मलब्यावरून चालून आलेल्या आम्ही सगळ्यांनी ती जागा बघितली, आणि वांगतूपर्यंत गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

पिओला संध्याकाळी पाच. २३० किलोमीटरच्या आसपासचा शिमला-पिओ रस्ता आम्ही दोन दिवसांत केला.

दिवस तिसरा, पिओतच

पहाटे पाचला खिडकीपाशी रांगेत. स्पितीतल्या काझाच्या गाडीचं तिकीट आदल्या दिवशी मिळालं नव्हतं, सकाळी या म्हणाले होते. आमच्या पुढं सात-आठ जण. मी विचारलं, वरून गाडी आली का? नाही आली. काझाच्या रस्त्यावर मलिंग नाल्यापाशी दगड येतायत, गाडी पलीकडंच थांबवली आहे.

स्टँडच्या बाहेर सुमोवाला उभाच होता, मलिंगपर्यंत नेतो, पुढं तुमचं तुम्ही बघा, आणि सीटचे पैसे बसच्या तिप्पट. रांगेतले दोघंतिघं गेले. मी पण बाबांकडं बघितलं कारण दिवस वाया जाणार हे टोचत होतं. बाबा म्हणाले, "जिथं सरकारी ड्रायव्हर गाडी घालत नाही तिथं आपण पैसे देऊन जायचं?" मग नाही गेलो. "अडकलो तर" पाकिटातून पहिले ७०० निघाले, त्याच रूमचे.

बजेटमध्ये फिरताना दिवस वाया गेला की वाटतं पैसे पण गेले. पण मला नंतर हिशोब करताना कळलं की जास्तीचा एक दिवस थांबायला आम्हाला रूम आणि जेवण मिळून हजार-अकराशे लागले आणि घाई करून सुमोत बसलो असतो तर त्याच्यापेक्षा जास्त गेले असते, वर मलिंगला रस्त्यावर उभं राहायची वेळ. थांबणं स्वस्त पडतं. शिवाय रामपूर हजारेक मीटरवर, पिओ २२९० आणि काझा साडेतीन हजाराच्या वर, मध्ये एक दिवस मिळाला ते बाबांच्या तब्येतीला चांगलंच झालं.

दुपारी लोकल बसनं कल्पाला गेलो. समोर किन्नर कैलास, ढग होते पण मधून मधून शिखर दिसायचं. बाबा एका भिंतीवर बसले ते दोन तास उठलेच नाहीत.

रात्री आठला परत स्टँडवर फेरी मारली. काझाची गाडी आलेली होती! चिखलानं खिडक्यांपर्यंत माखलेली, पुढची काच फक्त वायपरनं दोन अर्धगोल साफ केलेली. बाबांनी मोबाईलच्या टॉर्चमध्ये तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला हातानं थाप मारून आवाज ऐकला, वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले. मला म्हणाले, "ठीक आहे, उद्या जायला हरकत नाही." कंडक्टर पायरीवर बसून चहा पीत होता, त्यानं विचारलं मेकॅनिक हो क्या अंकलजी? बाबांनी हो म्हटलं आणि मग अर्धा तास दोघं बोलत बसले, बाबांचं हिंदी निम्मं मराठी पण नट, वायसर, क्लिप, पाना हे शब्द दोन्हीकडं तेच.

दिवस चौथा, पिओ ते काझा

या दिवशी सगळं सुरळीत. त्या रस्त्यावर सगळं सुरळीत म्हणजे दोनशे किलोमीटरला अकरा-बारा तास. स्पिलो, पूह, मग खाब, जिथं स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता डोंगर चढायला लागतो, ‘का’ गावाच्या वळणांवर खिडकीतून खाली बघितलं तर आपण मगाशी गेलो तो रस्ता तीन-चार पदरी दोरीसारखा दिसतो. नाकोनंतर मलिंग.

मलिंगला ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि कंडक्टर उतरून एकटाच चालत पुढं गेला. मध्यावर उभं राहून वर बघत राहिला, तीन-चार मिनिटं असेल, गाडीत कोणी बोलेना. मग त्यानं हात हलवला आणि गाडी न थांबता एका दमात पलीकडं गेली, कंडक्टर तिथून पळत येऊन चढला. हे तो आठवड्यातून किती वेळा करत असेल. त्याच्या पगाराबद्दल मी विचारलं नाही पण तेव्हापासून हातातले सुट्टे पैसे द्यायला मी कधी उशीर केला नाही.

सुमदोला पोलिसांच्या नोंदवहीत नाव लिहिलं, ताबो गेलं. तिथला मठ इसवी सन ९९६ चा आहे, मला उतरायचं होतं पण उतरलो तर पुढची गाडी उद्या, तीसुद्धा आली तर. बसनं फिरायचं तर असं काही काही खिडकीतूनच बघावं लागतं. काझाला साडेसहा वाजता पोचलो आणि उतरल्या उतरल्या बाबांनी कोणाला तरी विचारलं, "मनाली से गाडी आया क्या?"

दिवस पाचवा, काझा

सकाळी डोकं जड होतं दोघांचंही, पाणी पीत पडून राहिलो, दुपारी कोणाच्या तरी पिकअपमधून ‘की’ नावाच्या मठाला जाऊन आलो. फार काही केलं नाही. कपडे मात्र धुतले, त्यासाठी दुकानातून निळ्या साबणाची वडी घेतली, ती पुढं उपयोगी पडणार होती.

संध्याकाळी मनालीची गाडी आली, तिकीट काढून ठेवलं. पहाटे पाचला सुटणार. मी विचारलं एवढ्या लवकर का, तर कंडक्टरनं सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुंझुम खिंडीच्या पलीकडं रस्त्यावरून जे नाले वाहतात ते वरच्या बर्फाचे, रात्रभर थंडीत बर्फ वितळत नाही म्हणून सकाळी पाणी कमी असतं, ऊन पडलं की वितळायला लागतं आणि दुपारी तोच नाला दुप्पट होतो. "बारह बजे से पहले पार, तो पार."

दिवस सहावा, काझा ते बातल

लोसरला साडेसातला नाश्त्याला थांबलो, त्या बाजूचं शेवटचं गाव. परोठा, चहा, बोटं बधिर. तिथून निघून चढ सुरू झाला, पंधरा-वीस मिनिटं गेली असतील आणि बाबा एकदम ताठ बसले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणाले, "हवा जातेय." मग ड्रायव्हरजवळचा बझर वाजायला लागला.

ड्रायव्हरनं लगेच गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, कंडक्टर चाकाला दगड लावायला उडी मारून उतरला. आम्ही सगळे खाली. बाबांनी मला आणि अजून चारपाच जण जमले होते त्यांना सांगितलं की घाबरायचं काही नाही, मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरत असतो, आणि मागच्या चाकाच्या ब्रेकमध्ये एक जाड स्प्रिंग असते तिला ही हवाच दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे गाडी घरंगळत जाणार नाही, उलट हलणारच नाही. "हवा धरेपर्यंत इथंच."

पाइप फुटलाय हे नक्की, पण कुठं? इंजिन चालू ठेवल्याशिवाय हवा येत नाही आणि इंजिन चालू, वर वारा, मग सूं आवाज कुठून येतोय ते काही कळेना. ड्रायव्हर खाली सरपटून हात फिरवत होता पण थंडीनं हातांना काही जाणवत नव्हतं. बाबा मला म्हणाले, "साबण काढ."

निळी वडी, स्टीलचा मग, पाण्याची बाटली. बाबांनी वडी मगात घासून घासून दाट फेसाचं पाणी केलं, माझा ओला रुमाल त्यात बुडवला आणि ड्रायव्हरला दिला, "पाइप पे लगाते जाओ, जिधर बुडबुडा आएगा उधर." आधी ते वरूनच सांगत होते, मग राहवलं नाही, रस्त्यावर घोंगडी टाकून ते पण आडवे झाले. त्या उंचीवर दोन वाक्यं बोलली तरी धाप लागत होती त्यांना, मी म्हटलं बाबा बास, तुम्ही बाहेर या, तर खालून फक्त हात बाहेर आला, रुमाल परत भिजवून द्यायला. तिसऱ्यांदा भिजवला तेव्हा दिसलं. मागच्या ॲक्सलच्या अलीकडं, पाइप जिथं वळतो तिथं, बारीक बारीक बुडबुड्यांचा एक झुपका फुलत होता, लहान मुलं फुगे काढतात तसा, फुटायचा आणि परत फुलायचा. चाकाखालचा दगड उडून तिथं घासला होता.

ड्रायव्हरच्या पेटीत पाइपचा तुकडा आणि दोन जॉइंट होते. खराब भाग ब्लेडनं कापायचा, मध्ये तुकडा घालायचा, दोन्हीकडं जॉइंट आवळायचे, वर्कशॉपमध्ये पंधरा मिनिटांचं काम, इथं बधिर बोटांनी तासाच्या वर लागला. एकदा आवळलं तर परत बुडबुडे आले, उघडून परत. अकरा वाजता हवेच्या दाबाचा काटा हळूहळू वर चढायला लागला, पाच, सहा, सात, आणि गाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं बाबांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. बाबांच्या पाठीला सगळी माती, चेहरा काळवंडलेला, आणि त्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात पण मी त्यांना इतकं आनंदात बघितलं नव्हतं.

पण पावणेतीन तास गेले होते.

कुंझुमला ड्रायव्हरनं नेहमीप्रमाणं मंदिराला गाडीची प्रदक्षिणा घातली. साडेचार हजार मीटरच्या वर आहे ती खिंड, फोटोपुरतं पण थांबलो नाही, का ते सगळ्यांना माहीत होतं. बातलचा पूल ओलांडला, चंद्रा नदीच्या कडेनं पुढं गेलो, रस्ता म्हणजे नुसते गोटे. आणि सव्वादोनला छोटा दरा नावाच्या ठिकाणाच्या अलीकडं तो नाला. भुरकट पाणी, आतले दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज गाडीत बसून येत होता. ड्रायव्हर उतरून काठावर बसला आणि एका दगडाकडं बघत राहिला. अर्ध्या तासानं तो दगड पाण्याखाली गेला. ड्रायव्हर उठला, गाडी मागं घेतली, आणि आम्ही परत बातलला.

एकानं आवाज चढवला, माझी फ्लाइट आहे, बाकीच्या गाड्या जातायत. एक मोठा टिपर गेला होता हे खरं. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "मेरे पीछे बत्तीस लोग बैठे हैं." मला त्या फ्लाइटवाल्याचं पण वाईट वाटलं, त्यानं बसचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच धरला होता, मोकळा दिवस ठेवायला सुट्टी नसेल त्याला. पण या रस्त्यावर तसं करूच नये कोणी.

बातलला गाव नाही, दगडी भिंतींचे ढाबे आहेत उन्हाळ्यापुरते. राजमा-भात आणि झोपायची जागा, दोन दोन रजया, दोघांचे मिळून पाकिटातून ८०० गेले. फोनला रेंज नाही. काहीजण बसमध्येच झोपले. बाबांनी पाकीट उजेडात धरून मोजलं, पंधराशे उरले होते, परत घडी घालून आतल्या खिशात ठेवलं. रात्री मला जाग आली तेव्हा ते दारात उभं राहून बाहेर बघत होते, मी विचारलं काय झालं, म्हणाले, "काही नाही, पाण्याचा आवाज कमी झालाय ऐक."

दिवस सातवा, बातल ते मनाली

पाचला निघालो. तोच नाला, कालचा दगड आता पूर्ण उघडा, पाणी गुडघ्याच्या खाली. कंडक्टर पँट वर करून आधी चालत गेला, मग गाडी. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

छत्रू, ग्राम्फू, मग डांबरी रस्ता लागला आणि गाडीतला खडखडाट एकदम थांबला तर कानाला चुकल्यासारखं झालं. कोकसरच्या पुढं अटल बोगदा, ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्याच्या आधी याच गाड्या रोहतांगवरून जायच्या. आत शिरताना उघडे डोंगर आणि बाहेर आलो तर हिरवं आणि पाऊस.

मनालीला बारा वाजता पोचलो. चंदीगडची गाडी लागलेलीच होती, पंधरा मिनिटांत सुटणार, मी पळत जाऊन सीटवर सॅक टाकली. खिडकीपाशी दोन मुली उभ्या होत्या, पाठीवर मोठ्या बॅगा, काझाची गाडी कधी आहे विचारत होत्या आणि आतला माणूस सांगत होता की वरून गाडी आली की सांगतो. मी त्यांना म्हटलं आली, ही काय समोर, आत्ताच आली, उद्या पहाटेची धरा आणि दोन दिवस हातात ठेवा. नाल्याचं पण सांगितलं.

बाबा कुठं दिसेनात. बघते तर आमच्या गाडीपाशीच, मागच्या चाकाजवळ वाकलेले, शेजारी इथला मेकॅनिक, आणि बाबा त्याला हातानं दाखवत होते जॉइंट नेमका कुठं टाकलाय ते. चंदीगडच्या गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी ओरडले, बाबा चला, गाडी सुटतेय.

"एक मिनिट थांब," ते तिथूनच म्हणाले, "उद्या हीच वर जाणार आहे."